माळ्यावरच्या १४० एलपी आणि आठ जोड्या

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वाचनात कळलं की तुम्ही विचारलेत तीन प्रश्न, पण अडलंय एकाच ठिकाणी. तुमचा मजकूर आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल.

नौपाड्यातली तुमची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. जूनअखेर जागा रिकामी करून तीन वर्षं घोडबंदर रोडच्या वन बीएचकेत राहायचं आहे. त्या निमित्ताने माळा उघडला आणि लग्नाआधीचं तुमचं, मिस्टरांचं आणि नंतर दोघांनी मिळून घेतलेलं सगळं खाली आलं. १४० एलपी (मोठ्या, लाँग प्ले रेकॉर्ड), दोनशेच्या आसपास सीडी, तीन खोकी कॅसेट, आणि जवळजवळ सगळं नव्वदीच्या काळातलं अल्टरनेटिव्ह रॉक. कव्हरांवर पांढरी बुरशी आहे. आठ अल्बम दोन-दोन आहेत. दिरांनी अमेरिकेतून आणलेला रेकॉर्डप्लेअर वर्षानुवर्षांनी लावला तर "गायक झोपेतून उठून आल्यासारखा गातो". आणि मुलगा म्हणतो, डबल विका, बाकीचंही विका, मोबाइलवर सगळं मिळतं.

मी पंचवीसहून अधिक वर्षं ठाण्यात रेकॉर्डप्लेअर दुरुस्त करतो. त्या अनुभवावरून आधी तीन नकार सांगतो. प्लेअर टाकू नका. बुरशी आलेली एकही तबकडी न धुता सुईखाली घालू नका. आणि आठ जोड्यांतली एकही प्रत इतक्यात विकू नका.

प्लेअरपासून सुरुवात करतो, कारण तुम्हाला वाटतंय तो बिघडलाय, आणि माझ्या मते तो ठणठणीत आहे. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. जुन्या बेल्टवाल्या प्लेअरांपैकी बऱ्याच जणांत एसी सिंक्रोनस मोटर असते आणि तिचा वेग व्होल्टेजवर नाही, वारंवारतेवर ठरतो. दिरांनी सोबत ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर दिला आहे, त्यामुळे मोटर जळली नाही, एवढंच. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घ्यायची ती तबकडी आपल्या विजेवर २७.८ फेरे घेते. ४० मिनिटांचा अल्बम ४८ मिनिटं चालतो, आणि सूर जवळजवळ तीन अर्धस्वर खाली येतो. पेटीच्या भाषेत सांगायचं तर काळी चारात गाणारा माणूस पांढरी चारात गायला लागतो. झोपेतून उठल्यासारखा, ही तुमची उपमा अगदी बरोबर आहे.

खात्री करायची असेल तर फिरत्या थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि मोबाइलवर मिनिट लावून फेरे मोजा. ३३ च्या आसपास आले तर माझं निदान चुकलं, बेल्ट बघावा लागेल. २८ च्या आसपास आले तर वर लिहिलंय तेच. प्लेअरला वेगाची पट्टी असली तरी ती सहसा सात-आठ टक्क्यांपुरती असते. तुम्हाला हवेत वीस टक्के.

उपाय स्वस्त आहे. मोटरच्या दांड्यावर जी छोटी पितळी पुली असते, ती ५० हर्ट्झसाठी १.२ पट व्यासाची लागते. काही कंपन्या दोन्ही पुल्या बनवत. त्या मॉडेलची मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर वागळे इस्टेटमध्ये लेथवाले आहेत. मी अशा पुल्या तिथूनच करून घेतो. एक बारकावा मात्र आहे: हिशोब नुसत्या पुलीच्या व्यासाचा नाही, बेल्टची जाडी धरून करायचा असतो, नाहीतर वेग थोडा कमी येतो. बेल्ट त्याच वेळी नवीन टाका. आपल्या दमट हवेत जुना रबरी बेल्ट सैल तरी पडतो, नाहीतर डांबरासारखा पुलीला चिकटतो. सुईही बदला. चांगली सुई साधारण ५०० ते १००० तास टिकते, आणि तुमची किती चालली आहे हे आता कोणालाच आठवणार नाही. झिजलेली सुई खाचेच्या भिंती तासते. ते नुकसान धुऊन निघत नाही.

मुलगा प्रेमाने एखादा पेटीसारखा मिटणारा नवा प्लेअर भेट देईल, ती शक्यता आहेच. घ्या, पण त्यावर या तबकड्या लावू नका. त्यातल्या बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग) असतं आणि सुईचा दाब चार-पाच ग्रॅमपर्यंत जातो. तुमच्या जुन्या यंत्रावर तो दीड ते अडीच ग्रॅमच्या मधे राहील.

आता बुरशी. प्लास्टिक हे तिचं अन्न नव्हे. ती जगते कव्हराच्या पुठ्ठ्यावर, आतल्या कागदी पिशवीवर आणि खाचेत बसलेल्या धुळीवर. म्हणून तबकडी बहुधा वाचलेली असते, कव्हर मात्र खंगलेलं असतं. पण बुरशीचे तंतू खाचेत असताना रेकॉर्ड लावली की सुई ते दाबून आणखी आत बसवते आणि चरचर कायमची होते.

धुण्याची माझी पद्धत सांगतो. यंत्रं आहेत, महाग आहेत, १४० एलपींसाठी लागत नाहीत. नळाचं पाणी चालणार नाही, वाळल्यावर क्षार खाचेत राहतात. फिल्टरचंही नको. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर आणा, मात्र तिथेच बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमधे मिळतं, तेव्हा लेबल वाचून घ्या. एक लिटर पाण्यात शंभर मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनवासाच्या, बिनरंगाच्या भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. थेंब म्हणजे थेंबच, चमचा नाही. मधल्या लेबलवर दहा सेंटिमीटरहून थोडं मोठं डब्याचं झाकण उपडं धरायचं, म्हणजे कागद भिजत नाही. मऊ, जुन्या मलमली कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं कधीच नाही. मग दुसऱ्या कापडाने नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. हा दुसरा हात लोक टाळतात आणि मग "धुतल्यावर आवाज आणखी वाईट झाला" म्हणून माझ्याकडे येतात. साबण खाचेत वाळलेला असतो, दुसरं काही नाही.

वाळवायला ताटाळं काढा. स्टीलचं ताटाळं या कामासाठीच घडवल्यासारखं आहे. फक्त तारांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळा आणि तबकडी कडेवर उभी ठेवा. पंख्याखाली, सावलीत. उन्हात कधीही नाही. मी एकदा मे महिन्यात तलावपाळीला गाडी लावून जेमतेम तासभर बाहेर होतो. मागच्या सीटवर दोन रेकॉर्ड होत्या. परत आलो तेव्हा त्यांचे भाजलेले पापड झाले होते. धंद्यातल्या माणसाने केलेली ही चूक आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

सासूबाईंच्या वेळच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जाड, ठिसूळ रेकॉर्ड त्याच माळ्यावर असतील तर त्यांना अल्कोहोल लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि विरघळतात.

आतली साधी कागदी पिशवी फेकून द्या. छापील असेल, गाण्यांचे शब्द किंवा चित्रं असतील, तर गॅलरीत, तोंडाला मास्क लावून कोरड्या ब्रशने झटका, वाळवा आणि कव्हरात वेगळी ठेवा. बाहेरून घालायला पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ पिशव्या घ्या. जाड, मऊ, शाळेच्या वहीच्या कव्हरासारख्या पीव्हीसीच्या नकोत. उष्ण हवेत त्यातलं मऊ करणारं रसायन तबकडीवर उतरतं आणि धुकट डाग पडतो. डांबरगोळ्याही नकोत, तो वास पुठ्ठ्यातून जाता जात नाही. हे सगळं मृगाच्या आत उरका. एकदा पाऊस लागला की आपल्याकडे हवेतली आर्द्रता ऐंशीच्या वर जाऊन बसते आणि पुठ्ठा वाळता वाळत नाही.

आणि आता त्या आठ जोड्या. खरं अडलेलं इथे आहे, असं मला वाटतं. पत्रात तुम्ही लिहिलंय, "कोणाची प्रत ठेवायची यावर दोन संध्याकाळी गेल्या." ताई, त्या वाया गेल्या नाहीत, फक्त प्रश्न चुकीचा होता. कोणाची, हे नंतर. आधी बघायचं की त्या खरंच दोन सारख्या वस्तू आहेत का. तुमची यादी पाहता निम्म्या तरी नाहीत.

निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' घ्या. तुमची एलपी, मिस्टरांची सीडी. १९९१ च्या सप्टेंबरमधे आलेल्या या अल्बमच्या सीडीवर शेवटचं गाणं संपल्यावर जवळजवळ दहा मिनिटं शांतता आहे आणि मग कव्हरावर न छापलेलं आणखी एक गाणं येतं. अगदी पहिल्या सीडींत ते चुकून राहून गेलं होतं. त्या वेळच्या एलपीवर ते नाही. तेव्हा मिस्टरांची सीडी शेवटपर्यंत चालू द्या, मधे उठून बंद करू नका. गाणं आलं नाही तर ती पहिल्या खेपेची असू शकते, आणि मग तर ती मुळीच विकू नका.

पर्ल जॅमच्या 'टेन'च्या तुमच्याकडच्या दोन्ही प्रती एलपी आहेत. एक जुनी युरोपातली, दुसरी २००९ ची दोन तबकड्यांची. त्या दुसरीत एका तबकडीवर मूळ अल्बम आहे आणि दुसरीवर निर्माते ब्रेंडन ओब्रायन यांनी नव्याने केलेलं मिक्स, म्हणजे त्याच ध्वनिमुद्रणातल्या गळ्याची आणि वाद्यांची नवी जुळणी. मूळ मिक्समधे आवाज मोठ्या हॉलमधून आल्यासारखा घुमतो, नव्यात गायक समोरच्या खुर्चीवर बसलेला. मला नवं आवडतं, माझ्या ओळखीतल्या अर्ध्या लोकांना ते पाप वाटतं. तुमच्या घरात एक-एक पक्ष निघाला तर मला नवल वाटणार नाही.

स्मॅशिंग पम्पकिन्सचा 'मेलन कॉली अँड द इन्फिनिट सॅडनेस' सीडीवर दोन तबकड्यांचा आहे, १९९५ चा. तुमची एलपी तीन तबकड्यांची असेल तर ती १९९६ ची मर्यादित छपाई. तिच्यात गाण्यांचा क्रमच वेगळा आहे आणि सीडीवर नसलेली दोन गाणी आहेत. याला डबल म्हणणं म्हणजे पुरणपोळी आणि गुळपोळीला डबल म्हणण्यासारखं.

आर.ई.एम.च्या 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल'बद्दल तुम्ही लिहिलंय की एका प्रतीच्या लेबलवर ए-बी नाही, काहीतरी भलतंच छापलंय, बनावट आहे का. नाही. १९९२ च्या या अल्बमच्या दोन बाजूंना बँडनेच 'ड्राइव्ह' आणि 'राइड' अशी नावं दिली आहेत.

रेडिओहेडच्या 'ओके कम्प्युटर'च्या दोन एलपी मात्र वर्णनावरून अगदी सारख्या, अलीकडच्या छपाईच्या दिसतात. इथे खरंच एक जाऊ शकते. पण कोणती, हे कानांनी ठरवा.

छपाई कशी ओळखायची? कव्हरावरच्या सालावर जाऊ नका. तिथे बहुतेक वेळा मूळ अल्बमचं साल असतं, तुमची प्रत कधी छापली त्याचं नाही. तबकडीवर शेवटचं गाणं आणि लेबल यांच्या मधे जी मोकळी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर मोबाइलची बॅटरी तिरकी मारा. तिथे बारीक कोरलेले आकडे-अक्षरं दिसतील. ते जसेच्या तसे उतरवून डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या वेबसाइटवरच्या यादीशी जुळवा, छपाई कळते. आपल्याकडे परदेशी रॉक तेव्हा मुख्यतः कॅसेटवर मिळे आणि नव्वदीच्या दशकातच इथलं एलपी छापणं थांबलं, तेव्हा तुमच्या बहुतेक एलपी बाहेरून आलेल्याच असणार. त्याच पट्टीत कधी कधी माणसं सापडतात. स्मिथ्स या ब्रिटिश बँडच्या रेकॉर्ड तुमच्याकडे तीन आहेत. त्यांतल्या बऱ्याच रेकॉर्डच्या या पट्टीवर हाताने कोरलेली छोटी वाक्यं असतात. तिन्ही बघा. तीस वर्षं घरात असलेली रेकॉर्ड आणि तिच्यावरचं वाक्य दोघांपैकी कोणीच वाचलेलं नाही, असं मी अनेक घरांत पाहिलंय.

ऐकून निवडताना एक पथ्य पाळा. जी प्रत जरा मोठ्याने वाजते ती कानाला चांगली वाटते, नेहमी. त्यामुळे आवाज आधी सारखा करून घ्या. मग एकाने तबकडी लावायची, दुसऱ्याने पाठ करून बसायचं आणि कोणाची आहे हे सांगायचं नाही. नंतर पाळी बदलायची. आणि प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं जरूर ऐका. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर सरकते, आत लेबलजवळ वीस-एकवीस. म्हणजे कमी जागेत तेवढाच आवाज कोंबलेला असतो, म्हणून झीज आधी तिथे ऐकू येते: 'स' फाटतो, झांज कुरकुरीत होते. सीडीच्या जमान्यातले अल्बम लांब असत आणि एका बाजूला पंचवीस मिनिटं कोंबलेली एलपी तिथेच मार खाते. त्याच अल्बमची दोन तबकड्यांची प्रत असेल तर ती बहुधा जिंकेल.

तुमच्या काही कव्हरांवर बॉलपेनने माहेरचं आडनाव आहे आणि मुलगा ते पुसायला निघालाय. त्याला थांबवा. बाजार याला दोष धरतो, किंमत उतरते, खरं आहे. पण पुसल्यावर पुठ्ठ्याचा वरचा थर निघतो आणि किंमत आणखी उतरते. आणि अकरावी-बारावीतल्या मुलीने रेकॉर्डवर नाव का घातलं असेल, हे तुमच्या मिस्टरांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

मोबाइलवर सगळं मिळतं, हे मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गाणी मिळतात, पण वर सांगितलेले फरक तिथे शोधून काढावे लागतात. पुष्कळ अल्बमांची तिथे फक्त नंतर रिमास्टर केलेली (आवाजावर नव्याने शेवटचा हात फिरवलेली), एकसारखी मोठ्याने वाजणारी आवृत्ती असते. विकायचंच असेल तर एकगठ्ठा विकू नका. गठ्ठा घेणारा माणूस दहा चांगल्या रेकॉर्डसाठी येतो आणि एकशे तीस साध्या रेकॉर्डचा भाव सांगतो.

सीडींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. छापील बाजू जपा, चमकणारा थर तिच्या अगदी खाली असतो आणि ओरखडा तिथे जास्त महागात पडतो. घरी कॉपी केलेल्या सीडी आधी वाजवून बघा, त्यांचा रंगाचा थर विटतो.

कॅसेटची खोकी मात्र मी सगळ्यांत आधी उघडली असती. त्यांत दुकानातल्या कॅसेट असतील, आणि खात्रीने सांगतो, तुम्ही दोघांनी एकमेकांसाठी भरून दिलेल्याही असतील. पहिल्यांची दुसरी प्रत जगात कुठे ना कुठे आहे. दुसऱ्यांची नाही. लगेच वाजवू नका. खिडकीतून टेपवर पांढरे ठिपके दिसतात का बघा, दिसले तर ती बाजूला, जाणकाराकडे. मधल्या स्पंजच्या तुकड्याखाली धातूची पट्टी असते. स्पंज गळून पडला असेल तर आवाज दबका येतो, तो दुसऱ्या निकामी कॅसेटमधून काढून लावता येतो. पुढे-मागे जोरात पळवू नका, सुरुवातीचा पारदर्शक तुकडा जिथे जोडलेला असतो तो सांधा तिथेच तुटतो. पेन्सिलीने हळू फिरवा, एकदा वाजवा, आणि त्याच वाजवण्यात संगणकावर उतरवून घ्या.

सामान हलवण्याबद्दल. १४० एलपी कव्हरांसकट चाळीस किलोच्या आसपास भरतील. एका खोक्यात तीसच्या वर घालू नका, तळ फाटतो. उभ्याच ठेवा, पॅकर्सची माणसं आडव्या रचतात आणि वर मिक्सर ठेवतात. खोक्यावर 'रेकॉर्ड' लिहू नका, 'काच' लिहा. नव्या घरात माळ्यावर नको, स्लॅबची उष्णता तिथे साठते. पलंगाच्या कप्प्यात आडव्या नकोत. बाथरूमला लागून असलेली भिंत आणि पावसाच्या बाजूची ओल येणारी भिंत सोडून, ३३-३४ सेंटिमीटर उंचीचा प्लायचा एक कप्पा हॉलमधे करून घ्या, भिंतीपासून चार बोटं पुढे. भाड्याच्या घरात भिंतीला ठोकता येणार नाही, तेव्हा तो जमिनीवर उभा राहणाराच करा आणि सुताराला वजन आधी सांगा.

पुली करायला जाल तेव्हा जुनी पुली, नवा बेल्ट आणि मोटर तिन्ही सोबत न्या. नुसत्या मापावर लेथवाला दांड्याचं भोक सैल ठेवतो आणि मग थाळी लंगडत फिरते.